मदत हवी आहे: स्पीकरमधून सतत घूंऽऽ आवाज, काही केल्या जात नाही

घाईत_आहे
मंडळी, डोकं उठलंय. स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा आवाज येतो. गाणं जोरात असलं की दबतो, पण संथ आलाप लागला की पुन्हा कानात घुसतो. वायरी बदलल्या, प्लग उलटसुलट करून पाहिले, एक्स्टेन्शन बोर्डही नवा आणला. ढिम्म फरक नाही. रविवारी चार लोक ऐकायला येणार आहेत. नेमकं काय करायचं तेवढं सांगा, थिअरी नको.

मोजून_मापून
थिअरी नाही देत, पण माहिती तर द्याल? अँप्लिफायरला काय काय जोडलंय? प्लग थ्री-पिन आहे का? व्हॉल्यूम वाढवला की घूं वाढतं का? आणि आवाज स्पीकरमधूनच येतो हे नक्की ना? पुष्कळदा आतला ट्रान्सफॉर्मर गुरगुरत असतो आणि आळ येतो स्पीकरवर.

सोनेरी_कान
कुठल्या वायरी लावल्यात ते महत्त्वाचं. स्पीकरला ऑक्सिजनविरहित तांब्याची जाड केबल लावा, बाकी काही करू नका. माझ्याकडे केबल बदलल्याबरोबर पडदा बाजूला सारावा तसा आवाज मोकळा झाला.

खिळे_आणि_तारा
सोनेरी_कान, प्रश्न घूंचा आहे, मोकळेपणाचा नाही. स्पीकरच्या वायरीत काही व्होल्टचा सिग्नल असतो, तोही कमी इंपीडन्सवर (म्हणजे विजेच्या वाटेत अडथळा कमी). तिथे बाहेरचा हम (हेच तुमचं घूं) शिरून ऐकू येणं जवळजवळ अशक्य. हम शिरतो तो अँप्लिफायरच्या आधी, बारीक सिग्नलच्या तारांत.

कमलपुष्प
आमच्याकडेही असाच आवाज यायचा, रात्री जास्त. शेवटी कळलं की फ्रिज होता. पायाखाली रबर ठेवलं, थांबला. भिंतीला फोमही लावून बघा.

घाईत_आहे
फ्रिज नाही हो. स्पीकरमधूनच येतो, कान लावून पाहिलं. व्हॉल्यूमबरोबर वाढतो. साधा जुना स्टीरिओ अँप्लिफायर आहे, थ्री-पिन. जोडणी नेहमीसारखीच.

मोजून_मापून
"नेहमीसारखी" म्हणजे आम्ही काय समजायचं? पण व्हॉल्यूमबरोबर वाढतो म्हटलंत हे बरं झालं. म्हणजे तो व्हॉल्यूमच्या बटणाच्या आधीच शिरतोय. बटण शून्यावर ठेवूनही तेवढाच राहिला असता तर मी पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर (वीज सपाट करणारे) बघायला सांगितलं असतं.

पांढरीपाच
थोडं अवांतर, पण उपयोगी. घरी पेटी असेल तर आवाजाची पट्टी लावून बघा. विजेचा ५० हर्ट्झ म्हणजे खालच्या खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. त्याच्या वरच्या सप्तकातला, जरा करकरीत वाटणारा सूर म्हणजे १०० हर्ट्झ. तो बहुधा रेक्टिफायरनंतरचा (एसीची डीसी केल्यावर उरलेला) रिपल, म्हणजे कपॅसिटर थकलेत. गुळगुळीत ५० असेल तर ग्राउंड लूप (अर्थला दोन वाटा मिळून झालेला फेरा) किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. (वीज ६० हर्ट्झची असेल तर साधारण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी.)

खिळे_आणि_तारा
कल्पना छान, पण छोटे स्पीकर ५० हर्ट्झ धड वाजवतच नाहीत, वरचे हार्मोनिक्सच (पटीतले सूर) कानावर येतात. पेटीवर फार विसंबू नका.

पांढरीपाच
म्हणूनच "बहुधा" म्हटलं. तुम्ही फोनवर स्पेक्ट्रमचं ॲप लावाल, मी पेटी काढतो.

बिनधास्त
एवढा काथ्याकूट कशाला? अँप्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाका. किंवा थ्री-पिनचा टू-पिन करणारं अडॅप्टर लावा. आवाज तिथल्या तिथे बंद. मी कित्येक वर्षं तसंच वापरतोय.

मोजून_मापून
घाईत_आहे, कृपा करून हे करू नका. आवाज बंद होईल हे खरं आहे आणि तेच धोक्याचं आहे, कारण मग माणूस ते तसंच ठेवतो. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधी फुटलं तर अँप्लिफायरची सगळी पत्र्याची बॉडी लाइव्ह होईल. आणि केबलच्या बाहेरच्या जाळीतून ती वीज टर्नटेबल, लॅपटॉप, जे जोडलंय तिथपर्यंत जाईल.

बिनधास्त
मला आजवर शॉक बसला नाही. टू-पिनची यंत्रं लोक वापरतातच की.

मोजून_मापून
ज्यांना बसला ते इथे प्रतिसाद लिहायला येत नाहीत. आणि टू-पिनची यंत्रं दुहेरी इन्सुलेशनची असतात, मागे चौकोनात चौकोन अशी खूण असते. तुमचा अँप्लिफायर थ्री-पिन देऊन बनवलाय, तो पिन काढल्याने दुहेरी इन्सुलेशनचा होत नाही.

खिळे_आणि_तारा
+१. संपादकांनी तो प्रतिसाद उडवला तरी माझी हरकत नाही.

घाईत_आहे
भांडू नका, माझं काय ते सांगा. टर्नटेबल आणि लॅपटॉप जोडलाय. लॅपटॉपवर गाणं लावलं तरी घूं, रेकॉर्ड लावली तरी घूं. म्हणजे अँप्लिफायरच गेला ना? नवा कोणता घेऊ?

सोनेरी_कान
नवा घेत असाल तर वेगळा प्रीअँप आणि वेगळा पॉवर अँप घ्या, एकत्र घेऊच नका. आणि केबलचा मुद्दा मी सोडलेला नाही.

मोजून_मापून
काही घेऊ नका. अँप्लिफायर बंद करा, मागच्या सगळ्या आरसीए केबल (सिग्नलच्या वायरी) उपटा, फक्त स्पीकर ठेवा. व्हॉल्यूम कमी करून चालू करा, मग हळूहळू वाढवा. शांत असेल तर अँप्लिफायर निर्दोष. मग एकेक वस्तू जोडत जा, दर वेळी आधी अँप्लिफायर बंद करून. सिलेक्टर (इनपुट निवडायचं बटण) फिरवून तपासणं उपयोगाचं नाही. तो सहसा मधली सिग्नलची तारच बदलतो, बाहेरच्या जाळ्या सगळ्या इनपुटच्या आत एकत्रच असतात. दोषी वस्तू जोडलेली असेल तर दुसऱ्या इनपुटवरही घूं येऊ शकतं.

घाईत_आहे
केलं. सगळं काढल्यावर चिडीचूप. टर्नटेबल जोडला की बारीक घूं. लॅपटॉपने काही नाही, चार्जर लावला की किंचित किरकिर. टीव्ही जोडला की दणदणीत घूं, टीव्ही बंद असला तरी.

खिळे_आणि_तारा
टीव्ही???

घाईत_आहे
हो, तोही आहे. बंदच असतो म्हणून लिहिला नाही.

मोजून_मापून
सापडला. टीव्हीला सेट-टॉप बॉक्स असणारच. आता सगळं जोडलेलं आणि घूं चालू असताना बॉक्सच्या मागची अँटेनाची गोल केबल सोडवा. (डिशची असेल तर आधी बॉक्सचा प्लग काढा.) आवाज गेला तर लूप तिथूनच आहे. अँप्लिफायर भिंतीतल्या सॉकेटमधून अर्थ झालाय, आणि ती केबल बाहेर कुठेतरी दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही जागांच्या अर्थमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतो, तो तुमच्या आरसीए केबलच्या जाळीतून वाहतो, आणि अँप्लिफायर त्यालाच सिग्नल समजून मोठा करतो. टीव्ही बंद असल्याने काही होत नाही, तारा जोडलेल्याच असतात.

घाईत_आहे
केबल काढली, आवाज ठार बंद! पण मग टीव्ही कसा बघू?

गप्पिष्ट
अँटेनाच्या केबलसाठी आयसोलेटर मिळतो, तो लावून टाका. दोन मिनिटांचं काम.

खिळे_आणि_तारा
थांबा. घाईत_आहे, केबल टीव्ही की डिश? डिश असेल तर त्याच केबलमधून वर डिशच्या एलएनबीला (समोर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला) डीसी वीज जाते. साधा आयसोलेटर ती अडवतो आणि चित्रच जातं.

घाईत_आहे
डिश.

खिळे_आणि_तारा
मग तो नको. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट आहे का बघा. ऑप्टिकल केबलमधून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे लूप तिथेच तुटतो. अँप्लिफायर जुना म्हणजे ऑप्टिकल इनपुट नसेल, तर मधे एक छोटा डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर लावा. त्याचा अडॅप्टर टू-पिन हवा, आणि त्याला टीव्हीच्या यूएसबीतून वीज देऊ नका, नाहीतर लूप मागच्या दाराने परत येईल. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज पीसीएमवर (साध्या, न दाबलेल्या रूपात) ठेवा, नाहीतर कन्व्हर्टरला काही कळणार नाही.

मोजून_मापून
ऑप्टिकल नसेल तर टीव्ही आणि अँप्लिफायरच्या मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. डाव्या-उजव्या चॅनेलसाठी एकेक.

सोनेरी_कान
ट्रान्सफॉर्मर बसवलात तर खर्ज गेला म्हणून समजा. मी सांगतोय.

मोजून_मापून
अगदी स्वस्त, चिमुकल्या गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल हे बरोबर आहे, खर्ज पातळ होतो. चांगल्यात फरक कळत नाही. शिवाय तो टीव्हीच्या आवाजावर लागणार आहे, रेकॉर्डवर नाही. बातम्यांना कितीसा खर्ज लागतो?

बिनधास्त
आणि पिन काढायला काहीच लागत नाही. हलकेच घ्या.

घाईत_आहे
ऑप्टिकल आहे, टीव्हीच्या मागे झाकणाखाली निघालं. कन्व्हर्टर आणून लावला. टीव्हीचं घूं गेलं. पण टर्नटेबलचं बारीक आहेच आणि रविवारी तोच वाजवायचाय. काहीतरी पटकन.

पांढरीपाच
टर्नटेबलमधून निघालेली बारीक मोकळी तार, टोकाला चिमटीसारखी पत्री, कुठे जोडलीय?

घाईत_आहे
ती कुठेच नाही. वायरीच्या गुंत्यात होती, जास्तीची समजून मागे सरकवली.

पांढरीपाच
जास्तीची काय! ती ग्राउंडची. अँप्लिफायरच्या मागे फोनो (टर्नटेबलच्या) इनपुटजवळ स्क्रू असेल, तिथे आवळा. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) जेमतेम ५ मिलिव्होल्ट देते, ते फोनो प्रीअँप साधारण शंभर पट वाढवतं. आता त्या दराने आलेला हमही मोजा.

मोजून_मापून
आणि टर्नटेबल ठेवलाय कुठे?

घाईत_आहे
अँप्लिफायरवर. दुसरीकडे जागा नाही.

मोजून_मापून
हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. कार्ट्रिजच्या खालीच ट्रान्सफॉर्मर! तार जोडा, मग रेकॉर्ड न लावता आर्म हातात धरून डावीकडून उजवीकडे हळू न्या. घूं कमीजास्त झालं तर ते चुंबकीय आहे, त्याला कुठलीही तार उपयोगाची नाही. यंत्रं एकमेकांपासून हातभर लांब ठेवा. सिग्नलच्या आणि विजेच्या वायरी समांतर नेऊ नका, ओलांडायच्याच तर काटकोनात.

घाईत_आहे
तार जोडल्यावर निम्मं गेलं. टर्नटेबल पुस्तकांच्या कपाटावर नेला, उरलेलंही गेलं. आता अगदी कान लावल्यावर नुसतं सूऽऽ येतं. ते कसं घालवू?

खिळे_आणि_तारा
ते घालवायचं नसतं. तो अँप्लिफायरचा स्वतःचा नॉइज आहे, हम नाही. कान स्पीकरला लावून कोण ऐकतं? चार्जरची किरकिर मात्र राहील. रेकॉर्ड ऐकताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा.

दूरचा_पाहुणा
माहितीपूर्ण धागा. माझ्या गाडीत एक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुंईऽऽ येतं, वेगाबरोबर चढत जातं. इथेच विचारू की नवा धागा काढू?

मोजून_मापून
नवा काढा, तो बहुतेक अल्टरनेटर आहे. आणि गाडीत काय काय जोडलंय ते सगळं पहिल्या ओळीत लिहा. बंद असलेलंसुद्धा.