जोबर्गहून (जोहान्सबर्ग) विंडहुक (नामिबियाची राजधानी), बोट्स्वानातून गाडीने कोणी गेलंय का?

जोबर्गला राहतो, डिसेंबरात बायको-मुलांना घेऊन ट्रान्स-कालाहारी हायवेने विंडहुकला जायचंय, गाडी लोनवर आहे, कागदपत्रं काय काय लागतील?

— बँकेचं परवानगीपत्र आधी घे भावा, नाहीतर बॉर्डरवर अडकशील. मुलांचे जन्मदाखलेही ठेव.

— दिवसाच चालवा प्लीज! रस्ता सरळसोट, डोळे मिटायला लागतात, आणि अंधार पडला की गाढवं-गुरं डांबरावरच येऊन उभी राहतात, अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. वाटेत बोट्स्वानातल्या घान्झी गावात मुक्काम टाका.

— कच्चं मटण नेऊ नका, व्हेटरिनरी गेटवर (जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून असलेल्या तपासणी नाक्यावर) काढून घेतात. नामिबियात खडीच्या रस्त्यावर शिरलात तर टायरची हवा थोडी कमी करा, स्पीड ८० च्या खाली, वळणावर जोरात ब्रेक मारला की गाडी घसरते. आपले दक्षिण आफ्रिकेचे रँड नामिबियात चालतात, बोट्स्वानात मात्र तिथलं चलन, पुला, लागेल.