नाशिकहून वेल्लोरला पेशंट न्यायचाय, सल्ला हवा

सिडको_ताई
नमस्कार मंडळी. आमच्या अण्णांची ब्लड कॅन्सरची ट्रीटमेंट तामिळनाडूत वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलात झाली. आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जावं लागतं. घरात चालतात-फिरतात, पण ट्रेनमध्ये इतका वेळ बसून पाय असे सुजतात की सँडलचा पट्टा लागत नाही. ओपीडीत नंबर येईपर्यंत अंगात त्राणच उरत नाही.
अमेरिकेतला आतेभाऊ सांगतो, तिकडे हौशी पायलट स्वतःच्या विमानातून पेशंटना फुकट नेतात. आपल्याकडे जमेल का असं काही? नाहीतर दुसरा मार्ग सुचवा. 'नाशकातच दाखवा' एवढं मात्र सांगू नका, ते घरी रोज ऐकते.

ओझरचा_पक्या
ताई, भाऊ खरं सांगतोय. तिकडची एंजल फ्लाइट वेस्ट ही संस्था 1983 पासून आहे, ऑस्ट्रेलियात अशीच एक 2003 मध्ये सुरू झाली. लायसन्स खाजगी असल्यामुळे पायलटला भाडं घेता येत नाही, तो मदत म्हणून उडतो. पण ती अँब्युलन्स नव्हे. पेशंटला स्वतः चढून सीटवर बसता आलं पाहिजे, सोबत डॉक्टर-नर्स नसतात. बऱ्याच छोट्या विमानांत तर पंखावर पाय देऊन आत शिरावं लागतं. हवा बिघडली की फ्लाइट रद्द, म्हणून पेशंटला दुसरी सोय आधीच करून ठेवायला सांगतात.
आपल्याकडे स्वतःचं विमान बाळगणारे हौशी असे किती? आणि उतरायचं कुठे? नाशकातल्या गांधीनगरची धावपट्टी आर्मीची, आमची ओझरची एचएएल या सरकारी विमान कारखान्याची. धुळ्याला ट्रेनिंगची विमानं उडतात, पण शिकाऊ पोराच्या शेजारी अण्णांना बसवणार का? एअर अँब्युलन्सचं बिल लाखांत जातं आणि ती स्ट्रेचरवरच्या पेशंटसाठी. अण्णांना तिची गरजच नाही.
साधी फ्लाइट बघा. सप्टेंबर 2024 मध्ये ओझर-बेंगळुरू थेट सुरू झाली. वार-वेळ बदलत असतात, तेवढं आधी तपासा. तिकीट काढतानाच व्हीलचेअर टाका, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

रिटायर्ड_टीसी_मनमाड
रेल्वे एकदम सोडू नका. ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, पेशंटची चालू आहे. कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत मूळ भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट. सेकंड एसीत दोघांनाही 50. हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं सर्टिफिकेट घेऊन रिझर्व्हेशनच्या खिडकीवर जायचं.

सिडको_ताई
काका, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं! पक्यादादा, विमानाचीच भीती वाटते. अण्णांचं हिमोग्लोबिन मध्ये फार खाली गेलं होतं.

सिस्टर_गंगापूररोड
भीती रास्त आहे. केबिनमधली हवा साधारण 6 ते 8 हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. धडधाकट माणसाला जाणवत नाही, रक्त कमी असलेल्याला दम लागू शकतो. निघायच्या थोडं आधी सीबीसी (रक्ताची तपासणी) करा, रिपोर्ट वेल्लोरच्या डॉक्टरांना पाठवा आणि विमानाने चालेल का हे त्यांच्याकडून लिहून घ्या. हिमोग्लोबिन 8 च्या आसपास असेल तर तिकीट त्यांना विचारूनच काढा. अण्णांना मास्क लावा. गोळ्या आणि फाइल हातातल्या पिशवीत, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही.

पंचवटी_सुहास
सगळे विमानाचंच बोलताय, पण वेल्लोर बेंगळुरूपासून रस्त्याने दोनशेच्या वर किलोमीटर आहे. आईला घेऊन उतरल्या उतरल्या टॅक्सीने निघालो आणि चार तासांत तिचा जीव मेटाकुटीला आला. तेव्हापासून रात्री बेंगळुरूत मुक्काम करतो आणि सकाळी चेन्नईकडची ट्रेन धरून काटपाडीला, म्हणजे वेल्लोरजवळच्या स्टेशनला, उतरतो. तिथून सीएमसी रिक्षाने जवळ आहे.
आणखी एक. दोन्हीकडून विमान कशाला? जाताना विमान, येताना ट्रेन. दमायचंच असेल तर डॉक्टरांना दाखवून झाल्यावर दमावं. निम्मे पैसे वाचतात ते वेगळंच. आणि अपॉइंटमेंट घेताना सीएमसीचा नवा रानीपेट कॅम्पस की वेल्लोर गावातलं जुनं हॉस्पिटल, हे नीट वाचा. 2022 पासून काही विभाग रानीपेटला हलवलेत.

सिडको_ताई
सुहासदादा, हे पटलं. काका, मग परतीच्या तिकिटाला सवलत कशी घ्यायची?

रिटायर्ड_टीसी_मनमाड
ओपीडीत असतानाच परतीचं सर्टिफिकेट मागून घ्या. नाव आणि वय आधार कार्डावर आहे तसंच, स्टेशनचं नाव नाशिक रोड. सही-शिक्का बघूनच खिडकी सोडा. लोअर बर्थ मागायला विसरू नका.