सिकाडांचं ओरडणं 'संगीत' असेल तर मी बहिराच बरा

रात्रपाळी
काल एकाने लिहिलंय की सिकाडांचा, म्हणजे झाडावर बसून कर्कश ओरडणाऱ्या त्या किड्यांचा, आवाज म्हणजे निसर्गाचं संगीत, ज्याला त्रास होतो तो निसर्गापासून तुटलेला, आणि वर हेच किडे भाजून खाल्ले की जगाचा प्रोटीनचा प्रश्न मिटला म्हणे. दोन ओळींत उत्तर देऊन गप्प बसणार होतो पण नाही जमत. मी रात्रपाळी करतो, झोपायचं दिवसा, आणि हा प्राणी नेमका दिवसा कोकलतो. खिडकीबाहेर एक सुरू झाला की दुसरा, मग तिसरा, मग अख्खं झाडच ओरडायला लागतं. जवळून ९०-१०० डेसिबल भरतो हा आवाज, कानाशी मिक्सर लावल्यासारखा. कापूस घातला, उशी डोक्यावर घेतली, काडीचा फरक नाही. शेजाऱ्याने ड्रिल मशीन चालवली असती तर त्याला कोणी संगीत म्हटलं असतं का? आणि ज्याने माझी झोप घालवली त्यालाच मी खायचं पण?

भुंगा७
अहो रातकिडेच ते, जातील चार दिवसांत. एवढं काय मनावर घेता 😄

पानगळ
रातकिडा वेगळा, सिकाडा वेगळा. दर वेळी हेच सांगत बसायचं. रातकिडा पंखावर पंख घासतो. सिकाडाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी बरगड्यांसारख्या रेघांचा पडदा असतो, तो स्नायूने आत ओढला जातो आणि सुटतो, पत्र्याचं झाकण दाबलं की टक्क होतं ना तसं, सेकंदाला शेकडो वेळा. पोट जवळजवळ पोकळ, म्हणून ते घुमतं. आणि ओरडतात फक्त नर, माद्यांना बोलवायला.

रात्रपाळी
म्हणजे हे सगळे माझ्या खिडकीत बसून स्थळ बघतायत. छान. आता शांत झोप लागेल.

हिरवा_कंदील
ती पोस्ट माझीच, त्यामुळे बोलतो. अमेरिकेतले काही सिकाडे १३ नाहीतर १७ वर्षं जमिनीखाली मुळांचा रस पिऊन काढतात, वर येऊन जेमतेम चार-सहा आठवडे जगतात. २०२४ साली १३ वाल्यांची एक पिढी आणि १७ वाल्यांची एक पिढी एकदम वर आली, त्याच दोघींची आधीची भेट १८०३ची! तेवढं सहन होत नाही तुम्हाला? आणि खाण्याचं म्हणाल तर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा २०१३चा अहवाल आहे, १,९०० च्या वर जातींचे किडे माणसं खातात. एक किलो किडे वाढवायला दोन किलो खाद्य, गुराचं वजन एक किलोने वाढवायला आठ किलो. अ‍ॅरिस्टॉटलने पण लिहून ठेवलंय की कात टाकायच्या आधीचं सिकाडाचं पिल्लू सगळ्यात चविष्ट. तेव्हा शी शी करण्याआधी जरा वाचा.

पानगळ
आम्हीही वाचतो हो. ते दोन किलो पाळलेल्या रातकिड्यांचे, सिकाडांचे नाहीत. १७ वर्षांनी एकदा येणारा किडा फार्मवर पाळणार का तुम्ही? पहिला लॉट निघेपर्यंत कर्जाचे हप्ते कोण भरणार? आणि त्या १३-१७ वाल्यांनाच एक बुरशी लागते, पोटाचा मागचा भाग गळून पडतो, तिथे पांढरा खडूसारखा गोळा, तरी तो जोडीदार शोधत हिंडतच असतो. त्या बुरशीत उत्तेजक द्रव्य सापडलंय. भाजायच्या आधी तेवढं पलटून बघा म्हणजे झालं.

मृण्मयी
चेष्टा पुरे. माझ्या धाकट्या भावाला कोळंबी चालत नाही. ऑफिसात कोणीतरी हौसेने रातकिड्याच्या पिठाची बिस्किटं आणली, यानेही एक खाल्लं, वीस मिनिटांत ओठ आणि डोळे सुजले, रात्र दवाखान्यात. किडे आणि कोळंबी एकाच खानदानातले, ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन दोघांत असतं आणि शिजवून ते जातच असं नाही. २०२१ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, मुद्दाम सांगितलं होतं की सीफूडची अ‍ॅलर्जी असेल तर सिकाडे खाऊ नका. हे त्या पोस्टमध्ये एका ओळीत लिहिता आलं नसतं का?

सात्त्विक_विचार
म्हणूनच म्हणतो, किडे हे माणसाचं खाणंच नाही. मी जन्मापासून शुद्ध शाकाहारी, किड्याचा कणही पोटात गेलेला नाही.

भुंगा७
काका, लाल गोळ्या-चॉकलेटं कधी खाल्लीत का? पाकिटावर ई १२० दिसलं तर तो कोचिनीलचा रंग, निवडुंगावरचे किडे वाळवून कुटून काढलेला. ई ९०४ म्हणजे शेलॅक, लाखेच्या किड्याचा स्राव, त्याच्यानेच गोळ्या चकचकीत होतात.

सात्त्विक_विचार
स्राव म्हणजे किडा नव्हे. मध पण चालतो मला. आणि मला काका म्हणू नका.

भुंगा७
बरं, स्राव सोडला. पण ई १२० तर अख्खा किडाच आहे ना? एक पौंड रंगाला साधारण ७०,००० किडे लागतात असं म्हणतात.

सात्त्विक_विचार
मी लेबल वाचूनच घेतो.

पानगळ
जे लेबलवर नसतं त्याचं काय? एफडीएच्या नियमात १०० ग्रॅम पीनट बटरमध्ये सरासरी ३० तुकडे किड्यांचे सापडले की मग कारवाई. तीसच्या आत असले तर माल बिनधास्त विकला जातो.

सात्त्विक_विचार
तुम्हाला दुसऱ्याचं खाणं नासवण्यात काय मजा येते हो? चुकून गेलं आणि ठरवून खाल्लं यात फरक नाही का? रस्त्याने चालताना मुंगी मरते म्हणून मी खुनी झालो का? उद्या म्हणाल श्वासातून जंतू जातात तर मटण पण खा!

भुंगा७
मटण कोणी म्हटलं? "कणही नाही" हे तुमचंच वाक्य होतं.

सात्त्विक_विचार
ठीक आहे, "माझ्या माहितीत कणही नाही". झालं समाधान? घाला हार गळ्यात आता एकमेकांच्या.

मृण्मयी
तुमचं शाकाहाराचं भांडण होऊ द्या, माझ्या प्रश्नाला उत्तर कोणी देणार आहे का? @हिरवा_कंदील

हिरवा_कंदील
अ‍ॅलर्जीचं लिहायला हवं होतं, पोस्टमध्ये आत्ताच टाकलं. युरोपातही या पदार्थांच्या लेबलवर तशी सूचना सक्तीची आहे. पण आवाजाबद्दल एक शब्द मागे घेणार नाही.

शांताराम_६२
या वादात पडणार नव्हतो. माझ्या कानात आठ वर्षं एकच शिट्टी वाजतेय, रात्रंदिवस. डॉक्टर म्हणाले सवय करा. सिकाडे सुरू झाले की ती शिट्टी त्यांच्यात बुडून जाते, तेवढे आठवडे मला कान आहेत हेच मी विसरतो. ते थांबले की पहिल्या दिवशी घर खायला उठतं.

रात्रपाळी
काका, तुम्हाला काय बोलणार आता. पण माझ्या झाडावरचे तुम्ही घेऊन जा, गाडीभाडं मी देतो.

शांताराम_६२
पाठवा. खाणार मात्र नाही हं.