आमच्या रो-हाऊसच्या ग्रुपवरचं ताम्हण

२४ जून

७ नंबर: मंडळी कोणाला झाडातलं कळतं का? ऑनलाइन ताम्हणाचं रोप मागवलेलं ते आज आलं, कुरिअरवाल्याने खोका गेटवर आडवाच टाकला, सहा दिवस प्रवासात होतं म्हणे, उघडलं तर अर्धी पानं पिवळी, दोन-चार तर खोक्यातच गळून पडलेली, खाली कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा आणि त्याला प्लास्टिक करकचून गुंडाळलंय 😢 फोटो टाकलाय. उद्या सकाळी लावूनच टाकू का जमिनीत?

१२ नंबर: लावा लावा वहिनी, आर्द्रा लागलंय, आत्ता काठी खोचली तरी फुटेल

४ नंबर काका: थांबा. उद्या नको. सहा दिवस अंधारात काढलेत त्या रोपाने, एकदम उघड्यावर नेलंत तर ऊन पडल्या दिवशी उरलेली पानं पण टाकेल. प्लास्टिक सोडा, गोळा तसाच बादलीत बुडवा, बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढून निथळू द्या आणि कुंडीत ठेवून पोर्चमध्ये ठेवा, उजेड हवा पण ऊन नको. आठ-दहा दिवस. मग थोडं थोडं सकाळचं ऊन. पानं गळताहेत म्हणून घाबरू नका, ती गळणारच, खोड आणि डोळे (जिथून नवी पालवी फुटते ते) शाबूत आहेत का ते बघा

९ नंबर काकू: थोडं डीएपी टाक गं, माझ्या जास्वंदीला टाकते मी चिमूटभर

४ नंबर काका: काकू, आत्ता खत अजिबात नको. मुळं आधीच दमलीत, वर खताचा मारा केला की टोकं करपतात. पहिली नवी पालवी येईपर्यंत नुसतं पाणी

सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार आहेत, ११ ते ३ पाणी बंद. कृपया नोंद घ्यावी 🙏

७ नंबर: काका, हे नक्की ताम्हणच आहे ना? मागच्या वेळी आंबा म्हणून काय आलं होतं आठवतंय ना

४ नंबर काका: फोटोत पानं जवळपास वीतभर दिसताहेत, लांबट, जाडसर, म्हणजे ताम्हण. बारक्या पानांचं असतं तर क्रेप मर्टल समजलो असतो, दोन्ही एकाच कुळातली आणि ऑनलाइनवाले दोघांना प्राइड ऑफ इंडियाच म्हणतात, त्यामुळे फसगत होते. ते झुडूप राहतं, हे मोठं झाड होतं. तेव्हा जागा बघून

सेक्रेटरी: ड्रेनेजच्या चेंबरपासून लांब लावा ही विनंती. आणि वरून लाइटची वायर जात नाही ना बघा, एकदा मोठं झालं की महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९७५ चा कायदा आहे, नंतर माझ्याकडे येऊ नका

६ जुलै

७ नंबर: अहो बागेत खड्डा खणायला घेतला तर वर जेमतेम फूटभर काळी माती आणि खाली सगळं डबर, फरशीचे तुकडे, सिमेंटचे गोळे, एक चप्पल पण निघाली. बिल्डरने भराव टाकून वर माती पसरलीय नुसती. मिस्टरांची पाठ धरली

४ नंबर काका: सगळ्यांकडे तेच आहे. डबर काढून टाका, खड्डा खोल नाही झाला तरी चालेल, रुंद करा, तीन फूट तरी. रात्री पाण्याने भरून ठेवा, सकाळी मी येतो

७ जुलै

७ नंबर: सकाळपर्यंत पाणी तसंच होतं!!

४ नंबर काका: मग खड्ड्यात नकोच, उंचवट्यावर लावायचं. (आज लावून आलो, बाकीच्यांसाठी लिहितो.) तळाला पाणी साचतंय तिथे रोप ठेवलं की पावसात मुळं कुजतात, म्हणून तीच माती आणि दोन पाट्या शेणखत कालवून जमिनीपासून वीतभर उंच ढीग केला आणि त्यात लावलं. गोळा सोडवला तर खाली मुळं चकलीसारखी गोल गोल फिरलेली. ती हाताने मोकळी करून पसरली, दोन अगदी जाड वळलेली कात्रीने कापली, वहिनींनी डोळे मिटून घेतले. पण तशीच ठेवली असती तर ती गोलच वाढत राहतात आणि चार वर्षांनी झाड वाऱ्याने मुळासकट आडवं होतं. खोड जिथे मुळाला मिळतं तो भाग मातीवर दिसला पाहिजे, गाडायचा नाही. आणि पाचोळा घाला तीन बोटं जाड पण खोडाला चिकटवू नका

१२ नंबर: काका क्लास घ्या रविवारी 👏

९ नंबर काकू: बांबू बांधलात का? आमच्या गल्लीत वारं फार

७ नंबर: हो काकू, दोन बाजूंना दोन, जुन्या साडीच्या पट्टीने सैलसर. काका म्हणाले थोडं हललं पाहिजे, त्यानेच खोड जाड होतं

११ जानेवारी

७ नंबर: काका 😭 मेलं. ऑक्टोबरपर्यंत किती छान फूटभर वाढलं होतं, डिसेंबरात पानं तांबडी झाली आणि आता एक पान नाही, नुसती काडी उभी आहे. हे म्हणताहेत उपटून तिथे लिंबू लावू

१२ नंबर: नाही वहिनी, नारळ लावा

४ नंबर काका: कोणीही काही उपटू नका. ताम्हण थंडीत पानं टाकतंच, टाकायच्या आधी तांबडं होतं. नखाने खोडाची साल जराशी खरवडा, खालपासून वर

७ नंबर: खाली हिरवंगार आहे!! मधे पण. वरचं वीतभर मात्र तपकिरी, काडी मोडतेय कटकन

४ नंबर काका: तेवढं हिरव्यापर्यंत कापून टाका, सपाट नको, तिरका काप. पाणी किती घालता?

७ नंबर: हे रोज सकाळी एक बादली घालतात, चहाच्या आधी

४ नंबर काका: अहो पानं नाहीत तर पाणी पिणार कोण! आठवड्यातून एकदा. बोटभर खाली माती कोरडी लागली तरच. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी भरपूर द्या, रोज थोडं थोडं शिंपडलं की मुळं वरच राहतात. बुंधा हलवून बघा, मातीत डुगडुगत नसेल तर बांबू काढा, माझ्या बांबूला वाळवी लागली होती तशी लागेल

७ नंबर: एकाला लागलीय आधीच

४ नंबर काका: आजच काढा. थोडी निंबोळी पेंड मिसळा मातीत

९ नंबर काकू: पण फुलं कधी? राज्यफूल आहे, १ मेच्या सुमारास फुलतं म्हणतात, आपल्या झेंडावंदनाला

४ नंबर काका: बियांपासूनचं रोप आहे काकू, चार-पाच वर्षं तरी धरा

सेक्रेटरी: तोपर्यंत मी सेक्रेटरी नसेन

९ मार्च

७ नंबर: फोटो बघा!!! कापलेल्या जागेच्या खाली तीन कोंब, तांबूस, अगदी तांदळाएवढे. सकाळी झाडताना दिसले. आणि काका रागावू नका पण ह्यांनी खुशीत आज परत बादली ओतली