बुलेट तेल पिते, की आपण तिला पाजतो?

बाळीवेस_७६:
काल इथे एकाने लिहिलं, "जुनी बुलेट तेल पितेच. सोबत डबा ठेवा, टाकत राहा, इंजिनकडे बघू नका." खाली सगळ्यांच्या माना डोलल्या. मला ते वाचून संताप आला, म्हणून लांब लिहितोय.

वडिलांची ७६ सालची साडेतीनशे सीसीची बुलेट माझ्याकडे आहे. मिलच्या रात्रपाळीला ते तिच्यावरच जायचे. ती निळा धूर ओकायला लागली तेव्हा गॅरेजवाला दोन मिनिटं बघून म्हणाला, "रिंगा गेल्या." म्हणजे पिस्टनवरच्या कड्या झिजल्या. बोअर केला, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा केला, आणि साठचा, शेवटच्या मोठ्या मापाचा पिस्टन बसवला. महिनाभर रनिंग-इनमध्ये, नवा पिस्टन रुळेपर्यंत, चाळीसच्या वर पळवली नाही. धूर तसाच.

मग दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने पाना हातात घेण्याआधी विचारलं, "धूर कधी येतो?" मी सांगितलं, तुळजापूरचा घाट उतरताना ॲक्सिलरेटरची मूठ बंद असते, खाली आल्यावर पिळली की मागे निळा ढग. तो म्हणाला, म्हणजे व्हॉल्व्ह गाईड, व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी. मूठ बंद असताना इंजिनची ओढ वाढते आणि झिजलेल्या गाईडमधून तेल आत खेचलं जातं. रिंगांचा धूर चढावर, लोड घेताना, सतत येतो. हेड उतरवून गाईड बदलले, धूर बंद. पण सिलिंडर शेवटच्या मापावर गेला तो गेलाच. कापलेलं बीड परत येत नाही.

आणि डबेवाल्यांनी हे नीट वाचा. जुन्या बुलेटची तेलाची टाकी क्रॅंककेसच्या, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीच्या, मागच्या अंगाला आहे. गाडी आठ दिवस उभी राहिली की पंपातून तेल झिरपून खाली क्रॅंकपाशी उतरतं. तुम्ही सकाळी थंड इंजिनात तेल मोजायची पट्टी बघता, तेल कमी दिसतं, पाव लिटर ओतता. किक मारल्यावर रिटर्न पंप खालचं तेल वर आणतो, टाकी जास्त भरते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा सोडणाऱ्या नळीतून, चेनवर, टायरवर ओकते. मग म्हणता गाडी तेल पिते! इंजिन दहा मिनिटं चालवा, बंद करा आणि लगेच पट्टी बघा.

रोडकिंग_सातरस्ता:
पट्टीचं मान्य. बाकी नाही. मी तीस वर्षं येझदी चालवतोय. लिटरला चाळीस मिली तेल मी स्वतः पेट्रोलमध्ये टाकतो आणि जाळतो. एकाच्या नादाला लागून ते वीसवर आणलं, मे महिन्यात मोहोळच्या अलीकडे पिस्टन पकडला, सिलिंडरातच अडकला. भर दुपारी गाडी ढकलली आहे मी. तेल जास्त गेलं तर धूर येतो, कमी पडलं तर इंजिन जातं. तुमच्याच गोष्टीत गाडी तेल पीत होती तोवर चालत होती, खोलली तेव्हा नासली. मग खोलू नका म्हणणारा चुकला कुठे?

बाळीवेस_७६:
येझदी टू-स्ट्रोक, तेल पेट्रोलमध्येच मिसळून चालणारी. तिचा हिशोब बुलेटला लावू नका. आणि मी कुठे खोला म्हटलं? आधी ओळखा म्हटलं.

होटगीकर:
मूळ रोग सिंथेटिक तेल आहे. जुन्या कास्ट आयर्न इंजिनला २०डब्ल्यू-५० हे घट्ट मिनरल तेलच. मी महागडं पातळ तेल घातलं आणि पंधरा दिवसांत प्रत्येक पॅकिंगमधून पाझर.

एमआयडीसी_टर्नर:
मी बारा वर्षं ट्रकचं १५डब्ल्यू-४० घालतोय. काही झालं नाही.

होटगीकर:
ट्रकचं तेल? क्लच घसरत नाही?

एमआयडीसी_टर्नर:
अहो, जुन्या बुलेटचा क्लच इंजिनच्या तेलात असतोच कुठे? प्रायमरी, म्हणजे क्लचची चेनपेटी, वेगळी, गिअरबॉक्स वेगळा. तीन ठिकाणी तीन तेलं. एवढं ठाऊक नसताना लोकांना सल्ले कसले देता?

होटगीकर:
सल्ला अनुभवाचा आहे. माझ्या वडिलांनी पाच बुलेट वापरल्या.

एमआयडीसी_टर्नर:
वडिलांनी वापरल्या, तुम्ही पुसल्या असतील.

होटगीकर:
वडिलांवर जायचं काम नाही बे! सोलापूरच्या मेमध्ये, ४३ डिग्रीत, अक्कलकोटहून दुपारी दोनला येऊन दाखवा पातळ तेलावर. खालून ठोके ऐकू येतील.

एमआयडीसी_टर्नर:
उन्हाळ्यात घट्ट तेल बरं, हे मानतो. वडिलांचं बोललो ते चुकलं. पण क्लचबद्दल तुम्ही चूकच आहात.

विडीघरकुल_लेक:
तासभर वाचतेय. तेल किती, कुठलं, कसं. तो धूर कुणाच्या नाकात जातो, हे एकालाही आठवलं नाही. माझ्या आईने आयुष्यभर विड्या वळल्या, तंबाखूच्या धुळीने दमा लागला. आमच्या गल्लीत एक जुनी गाडी रोज सकाळी दहा मिनिटं गरम करतात. दार-खिडकी लावून घ्यावी लागते, तरी आई खोकत बसते. तुम्ही त्याला छंद म्हणता.

रोडकिंग_सातरस्ता:
ताई, रस्त्यावर ट्रक काय कमी धूर सोडतात? नेहमी जुन्या गाडीवरच येतं. पंधरा वर्षं झाली की आरटीओत पुन्हा नोंदणी, वर पर्यावरण कर. भरतो आम्ही.

विडीघरकुल_लेक:
करभरणीने आईचा श्वास मोकळा होत नाही काका.

बाळीवेस_७६:
ताईंचं खरं आहे. मीही तेच करायचो, वाड्यात उभी करून गरम करायचो. शेजारच्या आजींनी कधी तक्रार केली नाही, मीही कधी विचारलं नाही. आता किक मारली की निघतो, पहिले दोन किलोमीटर हळू जातो.

रोडकाका, एक विचारू? गिअरबॉक्सचं तेल शेवटचं कधी बघितलं? येझदीत क्रॅंकचं क्लचकडचं, तेल अडवणारं ऑईल सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतं. मिश्रण तेच ठेवूनही धूर वाढतो. खाली थेंब पडत नाही, म्हणून कळत नाही.

रोडकिंग_सातरस्ता:
माझी गाडी मला शिकवू नका. टू-स्ट्रोक आहे, धूर येणारच.

रोडकिंग_सातरस्ता:
बघितलं. दिवाळीत भरलं होतं, निम्मंसुद्धा उरलं नाही. खाली फरशी कोरडी. सील कुणाकडे मिळेल ते सांगा. आणि इंजिन मी स्वतः समोर बसून खोलून घेणार, सोडून जाणार नाही.