बीव्हरटन ट्रान्झिट सेंटरजवळ घर घेतलं तर एका गाडीत भागेल का? (पोर्टलंड, ओरेगन)

कोथरूडकरीण
नमस्कार मंडळी, आम्ही पुण्याहून पोर्टलंडच्या बाजूला शिफ्ट होतोय. मिस्टरांचं ऑफिस हिल्सबरोला, इंटेलचा रॉनलर एकर्स कॅम्पस, आणि मला आठवड्यातले काही दिवस पोर्टलंड डाउनटाउनला जायचंय. गाडी सुरुवातीला एकच घेणार, आणि खरं सांगायचं तर मला उजव्या बाजूने चालवायचं जाम टेन्शन आहे. नकाशावर बघितलं तर बीव्हरटन ट्रान्झिट सेंटर एकदम जंक्शन दिसतंय, मॅक्सच्या (तिथली लाइट रेल) ब्लू आणि रेड अशा दोन लाइन तिथून जातात, शिवाय विल्सनव्हिलची वेगळी ट्रेन, वर ढीगभर बस. म्हणजे तिथेच चालत जाता येईल असं घर बघितलं तर सगळंच सुटेल ना? पुढच्या उन्हाळ्यात सासूसासरे पण येणारेत, त्यांनाही आपलं आपलं फिरता आलं तर बरं. कोणी तिथे राहिलंय का?

निळी_लाल
इथे बरीच वर्षं आहे, बीव्हरटन टीसी (ट्रान्झिट सेंटर) रोजच्या जाण्यायेण्यातलं. पहिली गोष्ट, ते स्टेशन गाडी बदलायला मस्त आहे पण त्याला खेटून राहण्यात फारसा फायदा नाही. दक्षिणेला कॅनियन रोड, तिथे गाड्यांची शोरूम्स आणि मोठमोठी पार्किंग्ज, त्याच्याही पुढे ओल्ड टाउनकडे जायचं तर रुळ आणि फार्मिंग्टन रोड ओलांडा. शनिवारचा फार्मर्स मार्केट आणि लायब्ररी तेवढी चालत गाठता येते, ते मात्र छान आहे. मॅक्स यायच्या आधीपासून इथे बसचा अड्डा होता, १९९८ ला हिल्सबरोपर्यंत मॅक्स आली आणि मग त्याचं खरं जंक्शन झालं. पुण्यातल्या सिव्हिल कोर्ट मेट्रो स्टेशनसारखं वरखाली करावं लागत नाही, सगळं जमिनीवर, मॅक्समधून उतरलं की समोर बस. टीव्ही (ट्युअलाटिन व्हॅली) हायवेवरून फॉरेस्ट ग्रोव्हला जाणारी ५७, टायगार्डला जाणारी ७६, १८५ अव्हेन्यूवरून पीसीसी (पोर्टलंड कम्युनिटी कॉलेज) रॉक क्रीकला जाणारी ५२, पार ग्रेशमपर्यंत जाणारी २०, सगळ्या इथूनच.

पण तुमच्या मिस्टरांना यातल्या एकाचाही उपयोग नाही हो. त्यांना मॅक्सने ओरेन्को नाहीतर क्वाटामाला उतरायचं आणि तिथून कॅम्पस मैलभर तरी लांब. तेवढा तुकडाच खरा प्रॉब्लेम आहे, आणि तो बीव्हरटनला राहिलात तरी तसाच राहतो. सायकल असेल तर दहा मिनिटांत जाल, मॅक्सच्या डब्यात सायकल टांगायला हुक असतात. नोव्हेंबर ते मार्च पाऊस, आणि डिसेंबरमध्ये साडेचारलाच अंधार, हे धरून चाला.

म्हणून मी म्हणेन पश्चिमेला सरका. एल्मोनिका, विलो क्रीक, क्वाटामा, ओरेन्को, यातलं कुठलंही स्टेशन बघा. ओरेन्को तर मॅक्स डोळ्यासमोर ठेवूनच वसवलंय, दुकानं, कॅफे, फ्लॅट्स सगळं स्टेशनभोवती. तुम्हाला तिथून डाउनटाउन पाऊण तासाच्या आसपास, पण एका सीटवर, मध्ये बदलायचं नाही. पूर्वी रेड लाइन बीव्हरटन टीसीलाच संपायची तेव्हा पश्चिमेला राहणाऱ्यांना फक्त ब्लू होती, ऑगस्ट २०२४ पासून रेड पुढे फेअरग्राउंड्सपर्यंत जाते, त्यामुळे आता ओरेन्कोलाही दोन्ही लाइन मिळतात. टीसीजवळ राहायचं जे मोठं कारण होतं तेच गेलं की.

विल्सनव्हिलकर
त्या "वेगळ्या ट्रेन"बद्दल लिहितो, कारण नकाशावर ती फार भारी दिसते. वेस म्हणतात तिला, फेब्रुवारी २००९ ला सुरू झाली, बीव्हरटन ते विल्सनव्हिल, एकूण पाच स्टेशनं, साडेचौदा मैलांच्या वर अंतर. डिझेलचे डबे, मालगाडीच्याच रुळांवरून येते आणि शेवटी बीव्हरटनमध्ये चक्क लोम्बार्ड अव्हेन्यूच्या रस्त्यातून हळूहळू स्टेशनात शिरते, बघायला मजा येते. पण फक्त सोमवार ते शुक्रवार, तेही सकाळ-संध्याकाळच्या ऑफिसच्या वेळेत, साधारण पाऊण तासाला एक. शनिवारी प्लॅटफॉर्मवर जाऊन उभे राहाल तर कोणी येणार नाही. टायगार्ड, ट्युअलाटिनला काम असेल तरच हिशेबात धरा, तुमच्या केसमध्ये शून्य.

आणि हो, बीव्हरटन टीसीला पार्क अँड राइड नाही. गाडी लावून मॅक्स पकडायची तर एक स्टेशन पूर्वेला सनसेट टीसी, तिथे गराज आहे, नाहीतर पश्चिमेला एल्मोनिका, विलो क्रीक. नवीन लोक टीसी म्हटलं की पार्किंग असणारच असं धरतात.

गाडीवाला_भाऊ
एवढी चर्चा कशाला, दुसरी गाडी घ्याच. डिसेंबरात पोराला ताप आला की मॅक्सची वाट बघत बसणार का? बेथनीत आपली एवढी मंडळी राहतात, इंडियन ग्रोसरी, शाळा सगळं तिकडे, आणि मॅक्स तिथे जातच नाही. रात्री मॅक्समध्ये कधीकधी नको ते लोक असतात हेही सांगा की त्यांना.

निळी_लाल
भाऊ त्यांना पोरं आहेत असं कुठे लिहिलंय :) रात्रीचं म्हणाल तर खरं आहे, उशिराच्या गाडीत कधीकधी डबा बदलावासा वाटतो, मी ड्रायव्हरजवळच्या भागात बसते. पण डाउनटाउनला रोज गाडी नेऊन पार्किंगचे पैसे मोजायचे आणि सनसेट हायवेवर बोगद्यापाशी अडकायचं हे पण सांगा मग. मॅक्स त्या टेकडीखालून तीन मैलांच्या बोगद्यातून सरळ निघून जाते.

मीनामावशी
अगं कोथरूडकरीण, सासूसासऱ्यांची काळजी करू नकोस, आमच्याकडे दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी येतं आणि मी त्यांना मॅक्सनेच पाठवते. हॉप कार्ड, म्हणजे टॅप करायचं तिकिटाचं कार्ड, काढायचं. मोठ्यांचं तिकीट २ डॉलर ८० सेंट, अडीच तास चालतं, त्यात मॅक्स, बस, वेस कितीही बदला. दिवसाला ५.६० च्या वर आणि महिन्याला १०० च्या वर कापत नाहीत, आपोआप थांबतं. ६५ च्या पुढे असतील तर ऑनर्ड सिटिझनचं कार्ड काढ, वयाचा पुरावा लागतो, मग अर्ध्या भाड्यात. नुसता फोन किंवा क्रेडिट कार्ड टॅप केलं तर पूर्ण भाडं जातं, म्हणून कार्ड आधी कर. गेट वगैरे नसतात, चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवर टॅप करायचं, उतरताना नाही. आमच्या काकांना वाटलं गेट नाही म्हणजे फुकट. चेकर येतात बरं का.

फिरायला वॉशिंग्टन पार्क. जमिनीखाली २६० फूट स्टेशन आहे, लिफ्टने वर आलं की समोर झू. रोझ गार्डनला जायला तिथूनच फुकट शटल असते. म्हातारी माणसं खूश.

कोथरूडकरीण
बाप रे केवढी माहिती, सगळ्यांचे आभार! म्हणजे ओरेन्को किंवा क्वाटामा बघते आता. एक शंका, विमानतळावर रेड लाइन थेट जाते ना? मग सासूसासऱ्यांना घ्यायला गाडी न्यायलाच नको. आणि रेडच्या दोन्ही टोकांना एअरपोर्ट कसं काय लिहिलंय?

निळी_लाल
बरं झालं विचारलंत. पश्चिमेचं टोक हिल्सबरो एअरपोर्ट/फेअरग्राउंड्स, तो छोट्या खाजगी विमानांचा एअरपोर्ट, तिथून मुंबईचं विमान काय साधं सिएटलचंही नाही. तुम्हाला पूर्वेकडे जाणारी रेड हवी, पाटी नीट वाचायची. ओरेन्कोहून थेट जाते पण दीड तास धरा, बीव्हरटन टीसीहूनच तास-सव्वातास लागतो. दोन मोठ्या बॅगा आणि वीस तासांचा प्रवास करून आलेली माणसं असतील तर त्या दिवशी गाडीच न्या, परत जाताना पहाटेचं फ्लाइट असेल तरी गाडीच. आणि ट्रायमेटचं (मॅक्स, बस चालवणारी संस्था) बजेट टाइट चाललंय, फेऱ्या कमीजास्त होतायत, त्यामुळे घर फायनल करायच्या आधी त्या स्टेशनचं संध्याकाळी आठनंतरचं टाइमटेबल एकदा उघडून बघा.

मीनामावशी
आणि ओरेन्कोला आलीस की सांग, सायकल आहे आमच्याकडे पडून, मुलगा कॉलेजला गेल्यापासून कोणी चालवत नाही.