परदेशाहून परतल्यावर पहिले दहा दिवस मोकळे ठेवावेत की दुसऱ्याच दिवशी कामाला जुंपून घ्यावं?

उंबरठा

११ महिन्यांनी घरी आले, त्याला आज १७ दिवस झाले. बॅग अजून अर्धी भरलेलीच आहे. वरचे कपडे काढले, खालचे काढवत नाहीत.

शनिवारी रात्री उतरले आणि सोमवारी ऑफिसात हजर. आपल्याच घरी तर आलोय, त्यात सवय कसली करायची, असं वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये बसल्या बसल्या डुलकी लागली. ते ठीक, विमानाचा शीण म्हणून खपून गेलं. पण रात्री उठले की हात दाराच्या डाव्या बाजूला जातो आणि बटण आहे उजवीकडे. या घरात मी नऊ वर्षं राहिलेय! परवा कात्री जागेवर नव्हती म्हणून मला रडू आलं. कात्रीसाठी.

भेटेल तो 'कसं होतं?' विचारतो आणि माझं दुसरं वाक्य सुरू झालं की फोन बघतो. जाताना व्हिसा, लसी, तिथल्या रीतीभाती, सगळ्याची तयारी करून घेतली होती. येतानाची तयारी कोणीच करून घेतली नाही, मीही केली नाही. म्हणून माझं मत: सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहून आलेल्या माणसाने पहिले दहा दिवस ना कामावर जावं, ना भेटीगाठी ठेवाव्यात. तुमचं काय म्हणणं?

घरकोंबडा

साफ असहमत. (नावावर जाऊ नका, तीन मोठे मुक्काम करून आलोय.) दोनदा परतल्यावर सुट्टी काढून घरी पडून राहिलो, तिसऱ्यांदा दुसऱ्याच दिवशी कामावर गेलो. लवकर ताळ्यावर कधी आलो असेन? तिसऱ्यांदा. सुट्टीच्या दोन्ही वेळी दिवसभर एकच उद्योग होता: तिथे असं होतं, इथे तसं नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.

झोपेचं म्हणाल तर शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. पडदे ओढून दुपारी चार तास ताणून दिलीत तर ते तिकडच्याच वेळेवर राहणार. सकाळी उठा, उन्हात जा, कामाला लागा. रडू कात्रीचं नाही, झोपेचं आहे.

रातकिडा

घरकोंबडा, उजेडाचं बरोबर. 'सकाळी उन्हात जा' हे मात्र सरसकट सांगू नका, काही जणांच्या बाबतीत ते उलटं बसतं.

आपल्या आतल्या घड्याळाचा दिवस २४ तासांहून किंचित मोठा, साधारण २४.२ तासांचा असतो. म्हणून झोप पुढे ढकलणं सोपं, अलीकडे ओढणं कठीण. त्यामुळेच पश्चिमेला जाणाऱ्यापेक्षा पूर्वेला येणाऱ्याचे हाल जास्त. आता मुद्द्याचं: पहाटे, नेहमीच्या उठण्याच्या दोनतीन तास आधी, शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं. त्या क्षणानंतर डोळ्यांवर उजेड पडला तर घड्याळ अलीकडे सरकतं, त्याआधी पडला तर आणखी पुढे जातं. धागाकर्ती समजा पूर्वेकडे नऊ तासांचा फरक ओलांडून आली असेल, तर तिची ती 'पहाट' पहिले दोनतीन दिवस इथल्या दुपारी दीडदोनला होते. म्हणजे सकाळी आठचं ऊन तिला उलट्या दिशेला ढकलणार! तिने सकाळी गॉगल लावून सावलीत राहायचं आणि ऊन घ्यायचं ते दुपारी उशिरा. रोज तासाभराने ती वेळ अलीकडे येत जाते. ढोबळमानाने पूर्वेकडच्या प्रवासात जितक्या तासांचा फरक तितके दिवस जातात.

आणि त्या दिवसांत स्वतः गाडी चालवत ऑफिसला जाऊ नये. मीटिंगमधली डुलकी परवडली.

उंबरठा

रातकिडा, धन्यवाद. फरक नऊ तासांचाच होता, दिशाही पूर्वच. मी नेमकी रोज सकाळी सातला गच्चीत जाऊन बसत होते, हसा आता.

पण झोप तर बाराव्या दिवशी लागायला लागली. बटण आणि कात्री त्यानंतरही चालूच आहे. मी वाचलं त्याप्रमाणे याचा अभ्यास जुना आहे. सव्हेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांकडे बघितलं. सहा महिन्यांच्या आत परतलेले आणि दीड वर्षाहून जास्त राहिलेले बरे रुळले होते, मधलेच जास्त अडखळत होते. म्हणजे आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा. पुढे १९६३ मध्ये गलाहॉर्न पतीपत्नीने म्हटलं की घरी आल्यावर तीच दरी पुन्हा येते, म्हणून तो डब्ल्यू काढावा लागतो. मी सध्या त्या दुसऱ्या दरीत आहे. आणि दरीत असलेल्या माणसाला सोमवारी सकाळी साडेनऊला लॉगिन करायला लावू नये, इतकंच म्हणतेय.

शंकासूर

दरीबद्दल शंका.

तो यू फार गोंडस आहे: आधी आनंद, मग घसरण, मग चढ. कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांना पोचल्यापासून वर्षभर वेळोवेळी प्रश्न विचारले. सुरुवातीचा आनंद सापडलाच नाही. सगळ्यात वाईट अवस्था अगदी आरंभी होती. ते जाण्याबद्दल झालं, परतण्याबद्दल नाही, हे मान्य. तरी यूचाच एक पाय लंगडा असेल तर त्याला दुसरा यू जोडून काढलेल्या डब्ल्यूवर मी माझी रजा मंजूर करून घेणार नाही.

मला आल्फ्रेड शुट्झ या समाजशास्त्रज्ञाचं म्हणणं जास्त पटतं. १९४५ मध्ये, युद्धावरून सैनिक परतत होते तेव्हा, त्याने परतणाऱ्या माणसावर निबंध लिहिला. परक्या गावात जाणारा माणूस मनाशी धरूनच चालतो की तिथलं काही आपल्याला कळणार नाही. घरी येणाऱ्याला मात्र वाटतं की सगळं माहीतच आहे, फक्त आठवायचंय. म्हणून तो जास्त जोरात आपटतो. हे खरं असेल तर दहा दिवस बंद दाराआड बसून काय साधणार? आपटायचं ते बाहेर पडल्यावरच आपटणार.

घरकोंबडा

+१. फक्त मी हे एका ओळीत सांगितलं होतं.

मागे_राहिलेली

मी यात पडणार नव्हते, पण कात्री वाचून राहवलं नाही.

माझा नवरा १४ महिन्यांनी परत आला. पहिल्याच रविवारी त्याने स्वयंपाकघरातले सगळे डबे 'जागेवर' लावून दिले. जागेवर म्हणजे तो गेला त्या दिवशी जिथे होते तिथे. त्या १४ महिन्यांत मी एकेक डबा माझ्या हाताच्या उंचीवर आणला होता, कारण वरच्या फळीवरून काढून द्यायला घरात कोणी नव्हतं. त्याला वाटलं, मदत केली. मी स्टुलावर चढून पुन्हा सगळे खाली घेतले, तेव्हा त्याचा चेहरा पडला.

मुलीला शाळेच्या कागदावर सही हवी होती. तो खुर्चीत तिच्या शेजारीच बसला होता. ती उठली, त्याच्या समोरून आत आली आणि कागद माझ्यापुढे धरला. त्याला लागलं ते मला दिसलं. तिने काही मुद्दाम केलं नव्हतं, १४ महिने सही माझीच चालत होती.

सासरे पडले, त्यांचं हाड जुळेपर्यंतचे दोन महिने मी काढले. छत गळलं. मोटर जळली. फोनवर त्याला सांगताना सगळं थोडं थोडं कमी करून सांगत होते, कारण तिकडे बसून तो काय करणार होता? तो परत आला तेव्हा त्याच्या लेखी इथे काही घडलेलंच नव्हतं. 'तुझं कसं गेलं?' हे त्याने विचारलं तेव्हा त्याला येऊन तीन आठवडे झाले होते.

उंबरठाताई, लोक तुमचं दुसरं वाक्य ऐकत नाहीत हे वाईटच. तुम्ही किती जणांना त्यांचं पहिलं वाक्य बोलू दिलंत? आणि तुमचे ते दहा दिवस मोकळे ठेवायचे म्हणजे घरातलं सगळं आणखी दहा दिवस कोणी रेटायचं, तेही लिहा.

हरकाम्या

वरचा प्रतिसाद वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. असो. माझ्याकडे तत्त्वज्ञान नाही, नळ आहेत.

ज्यांचं घर महिनोन्महिने बंद होतं त्यांनी पहिल्या दिवशी काय करायचं ते सांगतो. घरात वास येत असेल तर उंदीर शोधू नका. मोरीच्या जाळीखाली वाकडा पाइप असतो, त्यात साचलेलं पाणी गटाराचा वास अडवतं. ते वाळून जातं. प्रत्येक मोरीत, बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओता, वास थांबेल. नळांत तुंबून राहिलेल्या पाण्यात लीजियोनेला नावाचे जंतू वाढू शकतात आणि ते तुषारांतून फुफ्फुसात जातात. म्हणून शॉवरखाली लगेच उभे राहू नका. शॉवरचं तोंड काढा, गरम-गार दोन्ही पाणी तुषार न उडवता काही मिनिटं वाहू द्या, खिडकी उघडी ठेवा.

आता घरकोंबडासाहेब, तुमच्यासाठी. मलेरिया असलेल्या भागातून आलेल्याला ताप आला तर 'प्रवासाचा शीण' म्हणून कामावर जायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा आणि कुठून आलो ते न विचारता सांगायचं. हा ताप परतल्यानंतर काही महिन्यांनीही येऊ शकतो, कधी वर्षभरानेही. माझ्या ओळखीतल्या एकाला तो पाचव्या महिन्यात आला. तोपर्यंत प्रवास तो स्वतःच विसरला होता, तर डॉक्टरला काय सांगणार?

घरकोंबडा

तापात जा असं मी कुठे म्हटलं? बाकी वाकड्या पाइपाबद्दल आभारी आहे. मागच्या वेळी मी चार दिवस खरंच उंदीर शोधत होतो.

तिरपागडे

धागा फार गंभीर झाला, म्हणून सर्गेई क्रिकालेवची आठवण करून देतो. हा अंतराळवीर १८ मे १९९१ रोजी सोव्हिएत संघातून मीर स्थानकावर गेला आणि २५ मार्च १९९२ रोजी उतरला. मधल्या काळात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. तो जन्मला ते लेनिनग्राड त्याच्या गैरहजेरीत सेंट पीटर्सबर्ग झालं. जिथून उडाला आणि जिथे उतरला तो कझाकस्तान वेगळा देश झाला. हा बिचारा परदेशी गेलाच नव्हता, खाली त्याचा देशच निघून गेला. ३११ दिवस वजनरहित राहून आलेला, उतरल्यावर त्याला धरून बसवावं लागलं. त्याला कोणी 'सोमवारी या' म्हटलं नसावं.

उंबरठा

मागे_राहिलेली, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि उत्तर द्यायला आज संध्याकाळ उजाडली.

एक गोष्ट मी लिहिली नव्हती. कात्री माझ्या धाकट्या बहिणीने हलवली होती. ११ महिने ती माझ्या घरात राहिली, घर बंद पडू नये म्हणून. मी यायच्या आदल्या दिवशी तिने सगळं आवरून ठेवलं आणि स्वतःच्या खोलीवर परत गेली. आणि मी तिला फोन करून पहिलं काय विचारलं, तर 'कात्री कुठे टाकलीस?' आवाज चढवून. तिचं कसं गेलं हे आजपर्यंत विचारलेलं नाही. काही सबब नाही माझ्याकडे.

पण म्हणूनच मी दहा दिवसांचा हट्ट सोडत नाहीये. शंकासूर म्हणतात तसं बंद दाराआड बसायला नकोच ते. मी सोमवारपासूनच ऑफिसात होते, रात्री आठला घरी येऊन आडवी होत होते. तिच्याकडे जाऊन बसायला मला १७ दिवसांत एक संध्याकाळ मिळाली नाही, किंवा मी काढली नाही. भेटीगाठी नकोत असं वर लिहिलंय, ते वाक्य मागे घेते. काम नको, हे घेत नाही.

मागे_राहिलेली

मग 'मला दहा दिवस द्या' असं म्हणू नका. त्यातले पाच तिला द्या. ती राहत होती त्या ११ महिन्यांत तिची स्वतःची खोली कोण बघत होतं?

(आणि माझा नवरा चांगला माणूस आहे, हे लिहायचं राहिलं. डबे अजून खालीच आहेत.)

शंकासूर

हे चाललं. पण मग प्रश्न रजेचा राहिला नाही, ती कशाला लावायची याचा झाला. घरकोंबडाचा आक्षेप पडून राहायला होता, त्याला याने उत्तर मिळतं.

घरकोंबडा

अर्धंच मिळतं. ज्याला बहीण, नवरा, मुलगी कोणी नाही, एकटाच आहे, त्याने दहा दिवस कोणाला द्यायचे? त्याला ऑफिसातच चार माणसं भेटतात. मी त्यातला आहे, म्हणून सांगतो.

नवा_भिडू

सगळे प्रतिसाद वाचले. मी दीड वर्षाने पुढच्या महिन्यात परततोय, बुधवारी पहाटे उतरणार. ऑफिस रुजू व्हायची तारीख विचारतंय. काय कळवू?

घरकोंबडा

गुरुवार.

मागे_राहिलेली

घरी कोण आहे, त्यांना आधी विचारा.

रातकिडा

पूर्वेकडे येताय की पश्चिमेकडे? आणि फरक किती तासांचा?